रोजनामा आधी वाच

प्रिय बेटा,

सोमवारपासून जिल्हा न्यायालयात तुझी इंटर्नशिप सुरू होते आहे, हे तुझ्या आईकडून कळलं. डिसेंबरात सिव्हिल लाइन्समध्ये हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त असतो, रस्ते वळवलेले असतात, म्हणून घरून साडेनऊलाच नीघ. पांढरा शर्ट, काळा कोट, काळा टाय. बँड आणि गाऊन वकिलीची सनद मिळाल्यावर.

तुझ्या पाच वर्षांच्या कोर्सला इंटर्नशिपचे एकूण 20 आठवडे लागतात आणि सलग चारच करता येतात. चार आठवड्यांत कोर्ट कळत नाही, एखादी फाइल मात्र कळते. सगळी पोरं उलटतपासणी पाहायला धावतात. तूही पाह्य, मजा येते. पण ज्या वकिलांकडे बसशील त्यांना विचारून एक जुना दिवाणी दावा माग, आणि वादपत्राच्या आधी त्याचा रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, वाच.

बेंच क्लर्क म्हणून मी आयुष्यभर तेच लिहिलं: 'वादी व वकील हजर. प्रतिवादीचा मुदतीचा अर्ज. मंजूर. पुढील तारीख…' एकेक ओळ म्हणजे कुणाची तरी एसटीची फेरी नि बुडालेली मजुरी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 प्रमाणे सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी, म्हणजे पुढची तारीख, देऊ नये. रोजनाम्यात बोट ठेवून मोज. हसू येईल, मग येणार नाही.

माझंच सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष, एक तालुका कोर्ट. रोजनाम्यात मी 16 तारीख लिहिली आणि पक्षकाराला दिलेल्या चिठ्ठीवर 19. एकोणीसला एक म्हातारेबुवा धोतर सावरत आले, चिठ्ठी चौपदरी घडी करून टोपीत ठेवलेली. दावा तीन दिवसांपूर्वीच गैरहजेरीत काढून टाकला होता. ते चिडले नाहीत. "बाबू, अक्षर तं तुमचंच हाय ना?" एवढंच म्हणाले. दावा परत पटावर यायला आठ महिने गेले. तेव्हापासून तारीख मी मोठ्यानं वाचून मगच लिहायचो.

फौजदारीकडे बसलीस तरी तारखेवरच नजर ठेव. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंड संहितेच्याच कलमांनी चालतात, म्हणून एकाच सकाळी खुनाला कुणी 302 म्हणेल, कुणी 103. दोन्ही बरोबर. गुन्हा कधी घडला ते आरोपपत्रात पाहायचं. पॉक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांची, सुनावणी बंद दालनात असते. तिथून कुणी सांगण्याआधीच बाहेर पडायचं, आणि कानावर पडलेलं नाव मैत्रिणीलाही सांगायचं नाही. फोन बंद. कोर्टात रील काढणाऱ्यांबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे.

शिपाई, बेलीफ, नाझर यांना नमस्कार करत जा. फाइल कुठे अडलीय हे त्यांना वकिलांच्या आधी ठाऊक असतं. बाहेरच्या बाकावर पुकाऱ्याची वाट पाहत बसलेल्यांशीही बोल, पण सल्ला देऊ नकोस. तो द्यायला अजून वेळ आहे.

पहिल्या रविवारी सकाळी वही घेऊन घरी ये. पक्षकारांची नावं उतरवू नकोस. दाव्याचं वर्ष, टप्पा नि तहकुब्या एवढंच. तर्री पोहे मी आणून ठेवतो.

तुझा,
काका