रजिस्ट्रीतून फोन आलाय, आई नको म्हणते. बोनमॅरो द्यावा का?

ताई, तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या शिबिरात रजिस्ट्रीत, म्हणजे बोनमॅरो (हाडातली मज्जा) द्यायला तयार असलेल्यांच्या यादीत, नाव नोंदवलं होतं, आता एका पेशंटशी जुळतंय म्हणून फोन आलाय. आणि आई म्हणतात मणक्यातून काढतात, कंबर कायमची जाते, लग्नाच्या मुलीने असलं काही करू नये. मी अमळनेरची. माझा मुलगा ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेला, आठ वर्षांचा होता. मणक्यातली ती सुई मी जवळून पाहिली आहे, म्हणून आधी तिच्याबद्दलच सांगते.

ती सुई पेशंटला देतात. कॅन्सरच्या पेशी मेंदूच्या आवरणाशी लपून राहू नयेत म्हणून औषध पाठीच्या कण्यातून सोडतात. माझा लेक कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजायचा, सिस्टर त्याची मान धरून ठेवायच्या. नंतर किती तरी वेळ उशीशिवाय उताणं पडून राहायचं. "मम्मी, आता तरी उशी दे ना," एवढंच त्याचं मागणं असायचं. सुईबद्दल कधी बोलला नाही. बाहेर बसलेले नातेवाईक हे बघतात, गावी येऊन सांगतात, आणि गोष्ट फिरत फिरत दात्यावर येते. दात्याच्या मणक्यातून काहीच काढत नाहीत.

तुमच्याकडून बहुतेक वेळा रक्तातूनच पेशी घेतील. त्याआधी चार-पाच दिवस रोज एक इंजेक्शन, त्याने रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी वाढून रक्तात उतरतात. त्या दिवसांत हाडं दुखतात, डोकं धरतं, ताप येण्याआधी अंग मोडून येतं तसं वाटतं. पॅरासिटामॉलने आराम पडतो. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, हव्या त्या पेशी काढून घेतात, उरलेलं दुसऱ्या हाताने परत. तीन ते पाच तास लागतात. कधी कधी डॉक्टर प्रत्यक्ष मज्जाच मागतात. तेव्हा भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून काढतात, ती जागा काही दिवस ठणकते. दिलेलं काही आठवड्यांत शरीर भरून काढतं. पुढे मूल होण्यात याने अडचण येते असं कुठे दिसलेलं नाही. आधी तुमची पूर्ण तपासणी होते, आणि तुम्हाला धोका दिसला तर डॉक्टर स्वतःच नाही म्हणतात. आईंना हेही सांगा की आपल्या देशात हे काही काल सुरू झालेलं नाही. मज्जेचं पहिलं प्रत्यारोपण, म्हणजे दात्याची मज्जा पेशंटला देणं, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये १९८३ साली झालं.

आता आमचं. औषधांनी लेक एकदा बरा झाला होता. केस परत आले, शाळेत जाऊ लागला. मग अंगावर पुन्हा लाल ठिपके दिसले आणि डॉक्टर म्हणाले, आता प्रत्यारोपणच. त्याच्या मोठ्या बहिणीचं जुळलं नाही. सख्ख्या भावंडांतही चारांत एकच संधी असते. सासूबाई डॉक्टरांपुढे हात जोडून म्हणाल्या, "मनं काढी ल्या, पन पोऱ्याले द्या." त्यांचं वय कधीच उलटून गेलेलं. मग रजिस्ट्रीत शोध घेतला आणि एक दाता सापडला! त्या वर्षी सखाराम महाराजांच्या यात्रेत गर्दी नको म्हणून त्याला नेलं नव्हतं. बोरी नदीच्या पात्रातले पाळणे त्याने लांबूनच पाहिले. त्याच्या पप्पांनी त्याला शब्द दिला, पुढच्या वर्षी पाळण्यात बसू.

काही दिवसांनी निरोप आला, दाता उपलब्ध नाही. कारण सांगत नाहीत, नावही सांगत नाहीत, आणि तेच योग्य आहे. आजारी पडला असेल, किंवा तुमच्यासारखीच त्याचीही आई घाबरली असेल. त्या माणसावर माझा राग नाही. दुसरा जुळणारा मिळेपर्यंत लेकाकडे वेळ नव्हता.

म्हणून ताई, माझं एकच कळकळीचं मागणं आहे. जे ठरवायचं ते आत्ता ठरवा. माघार घ्यायचा हक्क तुम्हाला शेवटपर्यंत आहे, कोणी जबरदस्ती करत नाही. पण प्रत्यारोपणाच्या आधीचे काही दिवस पेशंटला जड औषधं देऊन त्याची स्वतःची मज्जा पूर्ण संपवतात. त्यानंतर दात्याने नाही म्हटलं तर त्या जिवाकडे काहीच उरत नाही. मनात शंका असेल तर आजच फोन करून तसं सांगा, ते दुसरीकडे शोधायला लागतील. आणि हो म्हणणार असाल तर आईंना तपासणीला सोबत न्या. तिथल्या डॉक्टरांना त्यांनीच विचारू दे, मणक्याचं, लग्नाचं, सगळं. येण्याजाण्याचा आणि तपासण्यांचा खर्च रजिस्ट्री करते, तुमच्यावर पडत नाही. पेशी दिल्याबद्दल पैसेही मिळत नाहीत.

इतर वाचणाऱ्यांसाठीही लिहिते. ही जुळणी रक्तगटाची नसते, ती पिढ्यान्पिढ्या घराण्यातून उतरत येते. त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या लेकराला जुळणारा माणूस आपल्याच भागात, आपल्याच समाजांत सापडण्याची शक्यता जास्त. आपणच नोंदवलं नाही तर तो यादीत दिसणार कसा? दात्री किंवा डीकेएमएस इंडिया या रजिस्ट्री चालवणाऱ्या संस्थांकडे नाव नोंदवता येतं, वयाची अट साधारण १८ ते ५०. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना द्यायचा, किट घरपोच येतं. पण नोंदवण्याआधी घरात बोलून घ्या, म्हणजे फोन आल्यावर रडारड होत नाही.

ताई, आईंना हे वाचून दाखवा. त्यांना माझ्याशी बोलावंसं वाटलं तर इथेच खाली लिहा, मी रोज रात्री बघते.