आधी सांधे, मग स्कॅनर

जुन्या फिल्मचं डिजिटायझेशन आणि दुरुस्ती मी नव्या मुलामुलींना शिकवते, त्याबद्दल मागच्या अंकात माझी छोटी मुलाखत आली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे. मुलाखत ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी एवढंच, की मी मुंबईतल्या एका फिल्म लॅबमध्ये निगेटिव्ह कटिंगच्या खात्यात होते. लॅब बंद झाल्यावर पुण्यात आले आणि शिकवू लागले.

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी. झाले आहे आणि व्हिडिओ एडिटिंगचा कोर्सही केला आहे. रिस्टोरेशनचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं तर मला या क्षेत्रात काम मिळेल का? खऱ्या फिल्मला मी अजून हातही लावलेला नाही.
*– एक वाचक, सातारा*

सॉफ्टवेअर जरूर शीक, पण ते सगळ्यात शेवटी येतं. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की पहिल्याच दिवशी संगणकापुढे बसवतील आणि ओरखडे पुसायला देतील. मी त्यांना रिवाइंडिंगच्या टेबलापाशी नेते. दोन बाजूंना हाताने फिरवायच्या चकत्या, मध्ये खालून उजेड येणारी काच आणि एक भिंग. बरेच दिवस तेवढंच.

डबा हातात आला की त्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही. चिठ्ठी म्हणते चौथं रीळ, आणि आत भलत्याच चित्रपटातलं गाणं निघतं. म्हणून आधी फिल्मच्या कडेला छापलेलं वाचायचं. झटकन पेट घेणारी नायट्रेट फिल्म की सहज न पेटणारी सेफ्टी, हे पुष्कळदा तिथेच असतं. कोडॅकच्या फिल्मवर गोल, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा असतात, त्यावरून कच्ची फिल्म कोणत्या साली तयार झाली ते कळतं. पण त्या खुणा दर २० वर्षांनी फिरून येतात. १९३७ ची खूण तीच १९५७ ची. मग चित्रातल्या मोटारी, कपडे, दुकानाच्या पाट्या बघाव्या लागतात. हे काम मुलांना फार आवडतं, आणि आवडायलाच हवं, कारण इथे फिल्मशी ओळख होते.

त्यानंतर बोटं तयार करायची. फिल्म दोन्ही कडांना अंगठा आणि तर्जनीत इतकी हलकी धरायची की ती किंचित कमानदार व्हावी, आणि दुसऱ्या हाताने सावकाश गुंडाळत राहायचं. फिल्मच्या कडेला यंत्राचे दाते बसायला ओळीने छिद्रं असतात. त्यातलं फाटलेलं छिद्र आलं की बोटाला खरखर लागते. तिथे थांबायचं, ते किती फुटांवर आहे ते लिहून ठेवायचं, छिद्र दुरुस्त करायचं, मगच पुढे जायचं.

सांध्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. मूळ निगेटिव्हमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात चाललेल्या फिल्ममध्ये, शॉट बदलला की सांधा, म्हणजे दोन तुकड्यांचा जोड, असतो, म्हणजे एका चित्रपटात शेकड्यांनी. आम्ही इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, खरवडून, फिल्म सिमेंट नावाचं द्रावण लावून दोन टोकं एकमेकांत विरघळवून जोडत असू. काही दशकांनी ते सिमेंट सुकतं. सांधा डोळ्याला धडधाकट दिसतो आणि जरा वाकवला की टिचकन सुटतो. तो टेबलावर सुटला तर पाच मिनिटांचं काम. स्कॅनरमध्ये सुटला तर पुढची कित्येक फूट निगेटिव्ह चुरगळते, आणि मूळ निगेटिव्ह जगात एकच असते. म्हणून प्रत्येक सांधा हाताने तपासायचा. नव्याने जोडताना एकही फ्रेम कापायची नाही, हा माझा नियम आहे आणि त्यात मी सवलत देत नाही.

आकसण्याचं मापही टेबलावरच घेतात. ताज्या ३५ मिलिमीटर फिल्मची १०० छिद्रं साधारण ४७५ मिलिमीटर भरतात. जुन्या फिल्मची तीच १०० छिद्रं ४७० भरली, तर ती एक टक्क्याहून थोडी जास्त आकसली आहे. ती दात्यांच्या चाकावरून ओढली तर फाटणारच. तिला दाते नसलेला, नुसत्या रोलरवर चालणारा स्कॅनर लागतो. हा निर्णय टेक्निशियन घेतो, यंत्र घेत नाही.

हाताच्या कामाला एवढं महत्त्व का, असं कोणी विचारलं की मी सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचं उदाहरण देते. १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला आग लागली आणि या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. पुढे वीसेक वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबमध्ये त्या ठिसूळ, वितळलेल्या तुकड्यांवर जवळजवळ १००० तास हाताने काम झालं. आधी फिल्म मऊ करून घेतली, मग छिद्रांच्या कडा नव्याने बांधल्या, जुना चिकटा काढला. त्यातून ‘पाथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हवरून स्कॅन करता आला. ‘अपूर संसार’ची निगेटिव्ह मात्र वापरण्याच्या पलीकडे गेली होती, त्यासाठी दुसऱ्या प्रती शोधाव्या लागल्या. ते तास कोणी टेबलाशी बसून दिले नसते, तर सॉफ्टवेअरला काम करायला चित्रच मिळालं नसतं.

स्कॅनरवर आलीस की तुझं बी.एस्सी. उपयोगी पडेल. ४के, १० बिटची एक फ्रेम साधारण ५१ एमबी होते. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाच्या १,७२,८०० फ्रेम आणि जवळपास पावणेनऊ टीबी डेटा. त्याच्या किमान दोन प्रती करून वेगवेगळ्या जागी टेपवर ठेवायच्या, प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, जुळवायचा, फाइलींची नावं ठरल्याप्रमाणेच द्यायची. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून मुलं टाळतात, आणि नेमकी इथेच माणसं कमी पडतात. तू हे मन लावून शिकलीस तर तुझी गरज लवकर भासेल.

कुठे शिकायचं? पुण्यात एफटीआयआय ही चित्रपट शिकवणारी संस्था आणि लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आहे. संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, पी. के. नायर यांनी ते उभं केलं, आणि आता ते एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, भाग आहे. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने २०१५ पासून फिआफ या फिल्म संग्रहालयांच्या जागतिक संघटनेबरोबर देशात ठिकठिकाणी कार्यशाळा घेतल्या आहेत. त्यात जगभरच्या संग्रहालयांतली माणसं येऊन हाताने काम करवून घेतात. परदेशी जायची तयारी असेल तर बोलोन्याची उन्हाळी शाळा आणि अमेरिकेत रॉचेस्टरची सेल्झनिक शाळा या दोन्ही नावाजलेल्या आहेत. नोकरीबद्दल स्पष्ट सांगते, बरीचशी कामं कंत्राटी असतात. प्रकल्पाला पैसा आला की माणसं घेतात. घरी हे आधीच सांगून ठेव.

प्रश्न : आमच्या आजोबांचा टुरिंग टॉकीजचा तंबू होता, जत्रांमधून फिरायचा. माळ्यावर १६ आणि ३५ मिलिमीटरचे डबे सापडले आहेत. काही उघडले की आंबट वास येतो, डोळे चुरचुरतात. मुलगा म्हणतो, जुन्या प्रोजेक्टरवर चालवू आणि भिंतीवरचं मोबाइलने शूट करू. करावं का?
*– एक वाचक, सांगली जिल्हा*

नाही, कृपा करून चालवू नका. आकसलेली फिल्म प्रोजेक्टरमध्ये घातली तर त्या एका खेळात छिद्रं फाटतील.

आंबट वास म्हणजे अ‍ॅसिटेट फिल्मचा बेस, म्हणजे चित्राखालची पारदर्शक पट्टी, कुजतो आहे आणि त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, बाहेर पडतं आहे. बंद डब्यात ते आम्ल साठतं आणि कुजण्याचा वेग आणखी वाढवतं. शेजारच्या चांगल्या रिळांनाही त्याची बाधा होते. म्हणून वास येणारे डबे आजच वेगळे करा. खिडक्या उघड्या ठेवा. माळा सगळ्यात वाईट, उन्हाळ्यात तो तापतो आणि पावसाळ्यात दमट होतो. खालच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात ठेवा. गंजलेले डबे बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू मात्र नका.

३५ मिलिमीटरच्या रिळांबाबत आणखी एक सावधगिरी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची फिल्म नायट्रेटची असू शकते. नायट्रेट स्वतःच प्राणवायू पुरवत जळतं, त्यामुळे पाण्याने विझत नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेटच्या गोदामाला आग लागली आणि जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांचा अमोल ठेवा गेला. ते दुःख आमच्या क्षेत्रात अजून ताजं आहे. तुकडा जाळून बघण्याची जुनी पद्धत कोणी सुचवली तर ऐकू नका. फिल्म चिकट झाली असेल, तपकिरी पूड पडत असेल, तर डबा न हलवता संग्रहालयाला कळवा आणि ते सांगतील तसं करा. टपालाने किंवा एसटीने पाठवायची नाही. १६ मिलिमीटरबाबत ही नायट्रेटची काळजी नको, ती पहिल्यापासून सेफ्टी फिल्मवरच निघाली.

आणि काहीही फेकू नका. मूकपटांच्या काळात आपल्या देशात १३०० च्या आसपास चित्रपट झाले, त्यातले तीसेकच आज पूर्ण किंवा तुकड्यांत उरले आहेत. १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत सापडलेली नाही. तुमच्या आजोबांसारख्या फिरत्या मालकांकडे शेवटच्या प्रती राहून जायच्या. डबे कोणत्या जत्रेत, कोणाकडून घेतले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल तर आत्ताच लिहून काढा. ती माहिती आम्हाला फिल्मइतकीच हवी असते.

प्रश्न : आता एआय सगळं आपोआप स्वच्छ करतं. मग माणसांना वर्षभर शिकवण्यात काय अर्थ?
*– एक वाचक, ठाणे*

स्वयंचलित सफाई कशी चालते ते सांगते, मग तुम्हीच ठरवा. सॉफ्टवेअर एक फ्रेम घेतं आणि तिच्या मागच्या-पुढच्या फ्रेमशी ताडून बघतं. एखादा ठिपका फक्त मधल्या फ्रेममध्ये असेल, तर तो धूळ समजून पुसतं. धुळीच्या बाबतीत हे बरोबर आहे. पण मी सरावाला जेजुरीच्या जत्रेचं दृश्य देते. पायऱ्यांवरून भंडाऱ्याची उधळण होते. हवेतला प्रत्येक कण एखाद्याच फ्रेममध्ये त्या जागी असतो. सफाई जोरात लावली की भंडारा विरळ होतो, काही ठिकाणी दिसेनासा होतो, आणि माणसं रिकाम्या हवेत हात उडवताना दिसतात. पावसाचं, ठिणग्यांचं, बाण सुटण्याचं दृश्य असलं की हेच होतं. ते ओळखून सफाई तेवढ्या भागापुरती बंद करायला डोळा तयार असावा लागतो.

नव्या एआयची मला जास्त धास्ती वाटते, कारण ते नुसतं पुसत नाही, नसलेलं भरतं. चेहरा अस्पष्ट असेल तर पापण्या, कातडीचा पोत स्वतःच्या मनाने काढतं. तो त्या नटाचा चेहरा नव्हे. फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रात मुळातच असलेला बारीक कणीदारपणा, काढून टाकला की माणसं मेणाची दिसू लागतात, तरी पुष्कळांना तेच ‘स्वच्छ’ वाटतं. फिआफच्या आचारसंहितेत मूळ सामग्रीचं स्वरूप बदलू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. एआयने माझं काही काम हलकं केलं तर मला आनंदच आहे, धूळ शोधण्यात ते आजही मदत करतं. पण प्रत्येक बदल कोणी, कुठे, का केला, याची नोंद हवी आणि खाली माणसाची सही हवी.

प्रश्न : फिल्म हाताळताना हातमोजे घालावेत का?
*– एक वाचक, पणजी*

प्रिंट नुसती गुंडाळताना स्वच्छ सुती मोजे घाला. छिद्रं फाटलेली असतील किंवा सांधा करायचा असेल तर मोज्याचा धागा अडकतो. तिथे धुऊन कोरडे केलेले उघडे हात, आणि स्पर्श फक्त कडांना.

प्रश्न : मी एकपडदा थिएटरमध्ये ऑपरेटर होतो. डिजिटल आल्यावर काम सुटलं. वय साठीच्या आसपास आहे. शिक्षण दहावी. मला या कामात घेतील का?
*– एक वाचक, अमरावती*

तुमच्या पत्राने मला फार बरं वाटलं, दादा. तुम्हाला जे येतं ते पुस्तकात मिळत नाही. रिळाच्या शेवटी चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात चेंजओव्हरचा, म्हणजे दुसऱ्या प्रोजेक्टरवरचं पुढचं रीळ सुरू करायची खूण असलेला, ठिपका येतो, तो आजच्या मुलांना डाग वाटतो आणि ती पुसायला निघतात. आपल्याकडे ऑपरेटर लोक सुईने स्वतःची वेगळी खूणही करायचे. कोणती खूण लॅबची आणि कोणती थिएटरमधली, हे तुम्ही भिंग न लावता सांगाल. तुटलेली फिल्म प्रेक्षकांच्या शिट्ट्या चालू असताना जोडलेले हात आम्हाला हवेत.

संगणकाची भीती बाळगू नका, तपासणीच्या टेबलावर त्याची गरज नसते. दहावी पुरेशी आहे असं मी तरी मानते. काही संस्था पदवीची अट घालतात, ती अट या कामासाठी चुकीची आहे आणि हे मी त्यांच्या बैठकीतही सांगते. तुम्ही कोणत्या मशीनवर, किती वर्षं काम केलं, सिमेंटचे सांधे करत होतात की टेपचे, रिळं कुठून यायची, एवढं एका पानावर लिहून संपादकांच्या पत्त्यावर पाठवा, ते माझ्याकडे येईल. आणि जवळचा चष्मा नव्या नंबरचा करून घ्या. छिद्रांच्या कडा तासन्‌तास बघायच्या आहेत.