‘हिम’ तर नाहीच, ‘स्तोत्र’ही नाही

प्रश्न : मेथडिस्ट चर्चवरच्या (जॉन वेस्लीने सुरू केलेल्या प्रोटेस्टंट पंथावरच्या) एका लेखात त्याच्या भावाची, ‘चार्ल्स वेस्लीची हिम्स’ असं वाचलं, दुसऱ्यात ‘वेस्लीची स्तोत्रे’. बरोबर काय? आणि या पंथात गाण्याला एवढं महत्त्व का?

उत्तर : ‘हिम्स’वाल्यांना आधी आवरा. इंग्रजी शब्द hymn, म्हणजे चर्चमध्ये गायचं भक्तिगीत. मराठीत हिम म्हणजे बर्फ. ‘वेस्लीने सहा हजारांवर हिम्स लिहिली’ असं वाचलं की हिमालयाची आठवण येते. इंग्रजांनी शेवटचा न गिळला तो गिळला, पण ‘हिम्नल’ म्हणजे गीतपुस्तक म्हणताना तोच न पुन्हा वर येतो. मूळ शब्द लिहायचाच असेल तर ‘हिम्न’ लिहा.

‘स्तोत्र’ ही त्याहून मोठी चूक, आणि ती चांगले जाणकारही करतात. ख्रिस्ती मराठीत हा शब्द आधीच कामाला लागलेला आहे : बायबलमधली स्तोत्रसंहिता, म्हणजे पुष्कळशी दावीद राजाच्या नावावर असलेली ती 150 स्तोत्रं. बायबलच्याच इफिसकरांस पत्राच्या 5:19 मध्ये ‘स्तोत्रे, गीते व आध्यात्मिक प्रबंध’ अशी तिन्ही नावं ओळीने आली आहेत. तिथला दुसरा ग्रीक शब्द हुम्नोस्, म्हणजे आपला हिम्न. भाषांतरकारांनी त्याला ‘गीत’ म्हटलं आहे. मराठी चर्चमध्येही ‘गीत नंबर अमुक’ असंच पुकारतात. प्रश्न मिटला.

हा निव्वळ कीस पाडणं नव्हे. इंग्लंडमध्ये भांडणच यावर होतं. स्टर्नहोल्ड आणि हॉपकिन्स यांनी छंदात बसवलेली 1562 ची स्तोत्रं तिथे पिढ्यान्‌पिढ्या गायली जात होती, आणि देवाच्या घरात माणसाने रचलेलं काव्य कशाला, असं पुष्कळांना वाटे. जॉन वेस्लीच्या मते ती स्तोत्रं म्हणजे लाजिरवाणी रटाळ तुकबंदी. त्याने आणि भाऊ चार्ल्सने लोकांच्या तोंडी गीतं दिली. दोन्हींना ‘स्तोत्र’ म्हटलं की हे सगळं भांडणच गडप होतं.

आता खरी गंमत. हुम्नोस् आला कुठून? कोश ‘व्युत्पत्ती संदिग्ध’ म्हणून हात झटकतात. एक गट त्याला विणण्याच्या धातूशी जोडतो, कारण बॅकिलिडीझ हा प्राचीन ग्रीक कवी ‘हुम्नोस् विणून’ असं म्हणून गेला आहे. कवी म्हणाला म्हणून व्युत्पत्ती ठरत नाही. आपले कवी तर चांदणंही विणतात. माझा कौल शिवण्याला. संस्कृतातल्या आरंभीच्या स् च्या जागी ग्रीकमध्ये ह् येतो हे सप्त–हेप्ता (ग्रीक ‘सात’) या जोडीवरून शाळकरी पोरालाही कळेल. मग ‘सीव्’ धातूपासूनचा वैदिक ‘स्यूमन्’, म्हणजे वादी किंवा दोरी, आणि हुम्नोस् शेजारी ठेवून पाहा. हा संबंध माझ्याआधी विद्वानांनी सुचवलेला आहे. हुम्नोस् हा शब्दच ग्रीकपूर्व भाषेतला म्हणणाऱ्यांना मात्र हा संबंध पटत नाही. त्यांनी मग ‘राप्सोडोस्’चं काय ते सांगावं. ग्रीक महाकाव्यं म्हणून दाखवणाऱ्याचं हे नाव, आणि त्याचा अर्थ सरळसरळ ‘गाणी शिवणारा’. आपली सुई, शिवण आणि (परंपरेने) सूत्र याच कुळातली. शिंपी नामदेवाला हे सांगायची गरज पडली नसती : गुरु ग्रंथ साहिबातल्या त्याच्या पदात मन कापड मोजायचा गज आहे आणि जीभ कात्री.

चार्ल्स वेस्लीची गीतं तर उघड उघड शिवलेलीच आहेत. 1762 चं एक घ्या. बायबलच्या लेवीय 8:35 मध्ये अहरोन हा याजक (पुरोहित) आणि त्याच्या मुलांना सात दिवस-रात्र दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी राहून परमेश्वराने सोपवलेलं सांभाळायला सांगितलं आहे. त्यावर मॅथ्यू हेन्री या बायबलच्या भाष्यकाराने लिहिलं की, आपल्या प्रत्येकाकडे सांभाळायला एक जबाबदारी आहे, गौरवायला देव आहे, जपायला अमर आत्मा आहे, सेवा करायला आपली पिढी आहे. चार्ल्सने हेच तुकडे घेतले, त्याच क्रमाने, आणि आखूड ओळींत टाके घातले. याजकांचा सात दिवसांचा नियम गीत गाणाऱ्या साध्या खाणकामगाराच्या तोंडी त्याचा स्वतःचा झाला.

महत्त्व का, याचं उत्तर यातच आलं. ज्याच्या हाती पुस्तकं नव्हती, त्याचं धर्मशास्त्र तोंडपाठ गीतांत होतं. जॉनने 1780 च्या संग्रहात 525 गीतं सणवारांप्रमाणे न लावता माणसाच्या अनुभवाच्या क्रमाने लावली : पापी, पश्चात्ताप करणारा, विश्वास ठेवणारा, झगडणारा, दुःख सोसणारा. प्रस्तावनेत तो या पुस्तकाला ‘एक्सपेरिमेंटल’ धर्मज्ञान म्हणतो, त्याचं भाषांतर मी ‘प्रायोगिक’ असं पाहिलं आहे. प्रयोगशाळा काढली होती का त्याने? त्या काळच्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ ‘अनुभवाचं’. गाण्याबद्दलही त्याचे 1761 चे नियम आहेत : अर्धमेल्यासारखं किंवा अर्धवट झोपेत गाऊ नका, पण इतरांचा आवाज बुडेल असं ओरडूही नका, आणि रेंगाळू नका. आपल्याकडच्या पुष्कळ समूहगानांच्या आधी हे वाचून दाखवायला हरकत नाही.

1780 च्या त्या प्रस्तावनेतच त्याने आपली गीतं ‘सुधारून’ छापणाऱ्यांना बजावलं आहे : हात लावू नका, तुम्हाला ते जमणार नाही, लावलाच तर मूळ पाठ समासात किंवा तळाशी द्या, म्हणजे दुसऱ्यांच्या बाष्कळपणाचा ठपका आमच्यावर येणार नाही. आणि याच गृहस्थाने 1738 मध्ये आयझॅक वॉट्स या इंग्रज गीतकाराच्या एका प्रसिद्ध गीताचा पहिलाच शब्द बदलून ‘आमच्या देवा’चं ‘हे देवा’ केलं होतं. आज बहुतेक ठिकाणी वेस्लीचाच पाठ गातात, आणि समासात वॉट्सचा कोणी देत नाही.