"तुझ्याशी बोलून मुलाखत देऊन आल्यासारखं वाटतं"

"मी मुळात कमी बोलतो. माझं कुणाशी जमणारच नाही का?" हा प्रश्न माझ्याकडे बरेच जण आणतात. त्यातल्याच एका तिशीतल्या तरुणाची ही गोष्ट; ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. डेटिंग अ‍ॅपवर ओळख व्हायची, दोन-तीन भेटी व्हायच्या, मग समोरून मेसेज येणं बंद. शेवटच्या मुलीने निदान कारण तरी सांगितलं. तेच वर शीर्षकात दिलंय.

मी म्हटलं, "तिच्याबद्दल काय काय माहीत आहे?" गडी सांगतच सुटला. बहिणीशी का बिनसलं, नोकरी का सोडायचीय, पाण्याची भीती कशी बसली.

"आणि तिला तुमच्याबद्दल?"

बराच वेळ गप्प. मग, "मी कुठे काम करतो ते."

अंतर्मुख माणसं ऐकतात छान, पण प्रश्नांच्या आड लपणंही त्यांना छान जमतं. मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन यांचा १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. अनोळखी माणसांच्या जोड्यांनी पाऊण तास एकमेकांना हळूहळू खासगी होत जाणारे प्रश्न विचारले. वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा त्यांना जास्त जवळीक वाटली. मात्र त्यात उत्तरं दोघांनीही द्यायची होती!

"जरा बोलका हो" हा सल्ला फुकट मिळतो आणि फुकटच जातो. आम्ही एवढंच ठरवलं: आपण विचारलेल्या प्रश्नाचं आपलंही उत्तर द्यायचं, दोन वाक्यांत का होईना. आणि पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं, "मी गप्प झालो म्हणजे कंटाळलो असं नाही." भेट शक्यतो चालता चालता, सतत नजरेला नजर द्यावी लागत नाही.

(भेटीनंतर थकवा येणं वेगळं आणि लोक काय म्हणतील या धास्तीने भेटच टाळणं वेगळं. दुसरं वारंवार होत असेल तर ती सामाजिक चिंता असू शकते, आणि तिच्यावर उपचार आहेत. याला तसं काही नव्हतं.)

भेटीनंतर दोन दिवस एकटं राहायची गरज मात्र त्याला होतीच. पूर्वी तो न सांगता गायब व्हायचा. आता "रविवारी बोलू" असा मेसेज टाकून गायब होतो. दोन दिवस कशाला, एक पुरत नाही का, असं सध्याच्या मैत्रिणीने विचारलंय. त्यावर दोघांची घासाघीस चालू आहे.