पाचवी शाळा आणि लेबलवरची रिकामी ओळ

“मॅडम, हा कुणात मिसळतच नाही. आता परत बदली आलीय, जोधपूरला. ह्यावेळी त्याला गावी आजीकडेच ठेवू का?”

समुपदेशनात फौजी घरांतून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. ही आई साताऱ्याकडची, नवरा हवालदार. मुलगा बारा वर्षांचा, सातवीत. त्याला ओंकार म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बेळगाव, जालंधर, वडील फील्डला (कुटुंब सोबत नेता येत नाही अशा नेमणुकीवर) असताना दोन वर्षं गाव, आता पुणे. चार शाळा झाल्या.

ओंकारच्या वह्यांच्या लेबलवर नाव होतं, विषय होता. शाळा आणि तुकडी कोरी. “कशाला लिहू? परत खोडायचंच ना.”

मुलगा बुजरा नव्हता. पोराच्या जिवाला घोर नको म्हणून आई दर वेळी शेवटच्या आठवड्यात सांगायची. जालंधर सोडलं तेव्हा जिवलग मित्र सुट्टीला गावी गेलेला. भेट झालीच नाही. तेव्हापासून कुठलाही दिवस शेवटचा असू शकतो, हे त्याने मनाशी धरलं. मग जीव लावायचा कशाला? नव्या शाळेपेक्षा हा अर्धवट राहिलेला निरोपच जास्त छळतो.

म्हणून ह्यावेळी बदलीचं वडिलांनीच सांगितलं, ऑर्डर कळली त्याच आठवड्यात. कॅलेंडरवर “मेच्या आसपास” असं पेन्सिलीने लिहिलं, कारण तारखा सरकतात. निघण्याआधीचे दोन आठवडे निरोपाचे: तीन माणसं, दोन जागा, त्याने निवडलेल्या. मित्राचा क्वार्टरचा पत्ता घेऊन उपयोग नसतो, त्याचीही बदली होणारच. मित्राच्या गावचा पत्ता आणि त्याच्या आईचा मोबाईल नंबर वहीत उतरवला.

बदलीचं सामान भरायच्या काळ्या पेट्यांपैकी एक छोटी पेटी ओंकारची. त्याची चादर, बॉल, चालू वह्या. ती सामानाच्या ट्रकमध्ये न टाकता सोबत न्यायची आणि पोचल्या संध्याकाळीच उघडायची. शाळेची फाईलही हातातल्या बॅगेत: टीसी, गेल्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, आधारची प्रत आणि गणिताचे कुठले धडे झाले ते लिहिलेला एक कागद. फाईल ट्रकमध्ये गेली आणि ट्रक आठ दिवस उशिरा आला, की प्रवेश लटकतो. धड्यांचा कागद नसला तर एक धडा दोनदा होतो आणि दुसरा कायमचा राहतो. पुढे दोन वर्षांनी “गणितात कच्चा” म्हणतात, ते बरेचदा अशा सुटलेल्या धड्यामुळे.

जोधपूरला पहिले पंधरा दिवस ठीक गेले. मग वडील एक्सरसाइजला, म्हणजे लष्करी सरावाला गेले. “रोज आठला फोन करतो” म्हणाले होते, नेटवर्क मिळेना. ओंकार पुन्हा गप्प. इथे चूक वेळ कबूल करण्याची होती. नवा करार असा, की फोन लागेल तेव्हा पहिली पाच मिनिटं ओंकारची, घरखर्चाचं नंतर. आईनेही “मित्र झाले का?” विचारणं सोडलं. “आज शेजारी कोण बसलं होतं?” एवढंच. ह्या प्रश्नाला उत्तर देता येतं.

आता गावी ठेवायचं का? आठवीपर्यंत शक्यतो सोबत न्यावं. वडील फील्डला असतील तर फौजी कुटुंबांसाठी वेगळी क्वार्टर्स असतात. मिळत असतील तर अर्ज करावा. नववीपासून मात्र हिशेब बदलतो. सीबीएसईत नववीलाच नोंदणी होते आणि दहावीत शाळा बदलायची तर बदलीची कागदपत्रं जोडून बोर्डाची परवानगी लागते. ती दोन वर्षं एकाच जागी काढता आली तर बरं, मग गावी का होईना.

तीन-चार आठवडे झोप उडाली, जेवण तुटलं, शाळेला जायलाच नकार असला, तर नुसतं समुपदेशन पुरत नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. “जगून काय करू” असं काही मूल बोललं तर त्याच दिवशी. टेलि-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर देशात कुठूनही मोफत लागतो.

ओंकारने दिवाळीनंतर लेबलवर शाळेचं नाव लिहिलं. पेन्सिलीने. तुकडी अजून कोरीच आहे.