झाडावर चढायचंय? आधी झाड, मग दोर, करवत सगळ्यात शेवटी

प्रश्न : माझी मुलगी डोंबिवलीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय वनस्पतिशास्त्र. शाळेपासून ट्रेकिंग करते, गेली काही वर्षं वॉल क्लाइंबिंगही शिकतेय. आता तिला ‘ट्री सर्जन’ व्हायचंय. दोराने झाडावर चढून करवतीने फांद्या उतरवणाऱ्या इंग्लंडमधल्या लोकांचे व्हिडिओ सारखे बघत असते. कॉलेज सोडून एखादा कोर्स करते म्हणते. तिच्या बाबांना हे अजिबात पटत नाही. ‘एवढं शिकून झाडं तोडत फिरणार का?’ असं विचारतात. मला भीती वाटते ती उंचीची आणि त्या यंत्राची. यात खरंच करिअर आहे का? मुलीला झेपेल का?

उत्तर :

ताई, तुमची भीती रास्त आहे आणि मुलीची ओढही खरी दिसते. म्हणून सुरुवातीलाच सांगते : कॉलेज सोडू देऊ नका. तिला या वाटेवरून मागे खेचायचं म्हणून मी हे म्हणत नाहीये. या कामात ती चार लोकांपेक्षा उजवी ठरली, तर ती वनस्पतिशास्त्रामुळेच ठरेल. नुसत्या चढणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. कोकणात आणि गोव्यात माडावर चढणारे पाडेली पिढ्यान्‌पिढ्या हे करत आले आहेत आणि त्यांच्या अंगातलं कसब दोन महिन्यांच्या कोर्सने येणारं नाही. कोणती फांदी ठेवायची, कोणती काढायची आणि कुठून काढायची, हे सांगू शकणारी माणसं मात्र फार थोडी आहेत.

आता तिच्या बाबांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. या कामात झाड मुळापासून पाडण्याची वेळ येते, पण जास्त काम असतं ते झाड उभं ठेवण्याचं. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या शहरांत काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. गाडी येते, रेन ट्री किंवा गुलमोहराचं डोकंच उडवलं जातं, खोड आणि दोन-चार खुंट उरतात. लोकांना वाटतं धोका टळला. प्रत्यक्षात त्या खुंटांवर पुढच्या वर्षी झाडूसारखे धुमारे फुटतात. ते आतल्या लाकडात रुजलेले नसतात, वरवर चिकटलेले असतात. खुंट आतून कुजत जातो, वरचे धुमारे जाड होत जातात आणि काही वर्षांनी वाऱ्यात नेमकी तीच फांदी गाडीवर येते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा किती झाडं आडवी झाली ते आठवत असेल. वादळाचा जोर होताच. पण कापलेली मुळं, बुंध्यापर्यंत आलेलं काँक्रीट आणि एका बाजूने छाटून तोल घालवलेली झाडं, यांचाही अशा पडझडीत मोठा वाटा असतो.

अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो या शास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून आतली कूज तपासली आणि १९७७ मध्ये त्यावर महत्त्वाची मांडणी केली. आपली जखम भरते तशी झाडाची भरत नाही. खराब झालेल्या भागाभोवती झाड भिंती उभ्या करतं, त्याला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. म्हणून काप कुठे दिला याला एवढं महत्त्व. फांदी खोडाला मिळते तिथे किंचित फुगीर वळी दिसते. काप त्या वळीच्या लगेच बाहेर हवा. वळीच कापली तर झाडाची भिंत आपणच पाडली. लांब खुंट ठेवला तर तो कुजून कूज आत शिरायला वाट मिळते. वरून डांबर किंवा ऑइलपेंट फासल्याने काहीही थांबत नाही.

जाड फांदी एका घावात काढायला गेलं तर ती स्वतःच्या वजनाने अर्ध्यातच मोडते आणि खोडाची साल हातभर सोलून नेते. म्हणून तीन काप देतात. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून वर, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून खाली; फांदी सुटते आणि साल पहिल्या कापापाशी थांबते. मग उरलेला खुंट हाताने धरून वळीच्या बाहेरून तिसरा, स्वच्छ काप. तुमच्या मुलीला घराजवळच्या एखाद्या छाटलेल्या झाडापाशी घेऊन जा आणि कोणता काप बरोबर, कोणता चुकला, हे तिला सांगू दे. बाबांनाही बरोबर न्या.

आता कामाची रीत. चांगला माणूस झाडाला हात लावण्याआधी बराच वेळ खालीच काढतो. बुंध्यापाशी छत्र्यांसारखी बुरशी आहे का, माती उचललेली दिसते का, लाकडी हातोड्याने ठोकलं की खोड पोकळ वाजतं का, ढोलीत घुबड किंवा पोपटाचं घरटं आहे का. आपल्याकडे आणखी एक गोष्ट फार जपून बघावी लागते, ती म्हणजे आग्या मोहोळ. दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. आणि विजेच्या तारा. तारेजवळचं काम वीजकंपनीच्या माणसाने पुरवठा बंद करून तसं सांगितल्याशिवाय सुरूच करायचं नाही, मग सोसायटीचे अध्यक्ष कितीही घाई करोत.

मग बारीक दोरीला बांधलेली वजनाची पिशवी वरच्या मजबूत फांदीवरून फेकायची आणि तिच्यामागून जाड दोर ओढून घ्यायचा. हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे, त्या दोराला अशा गाठीने जोडतात की वजन पडलं की गाठ आवळते आणि हाताने दाबली की सरकते. वॉल क्लाइंबिंग करणाऱ्या मुलीला प्रुसिक गाठ ठाऊक असेल. तिचीच ही भावंडं. फरक एकच, पण मोठा. भिंतीवर दोर असतो तो पडलात तर धरण्यासाठी, इथे सगळा वेळ त्याच्यावरच बसून काम करायचं असतं. बुटाला लावायचे खिळे व्हिडिओत दिसतात ते पाडायच्या झाडासाठीच. जगवायच्या झाडावर ते लावले की प्रत्येक पावलाला सालीत जखम होते.

कापलेली फांदी खाली कशी आणायची, ही वेगळी विद्या आहे. ओल्या लाकडाचं वजन ढोबळमानाने पाण्याइतकं धरा. एक फूट व्यासाचा, तीन मीटर लांबीचा ओंडका म्हणजे दोनशे किलोंच्या आसपास. खाली पत्र्याची शेड असेल तर तो कप्पीवरून, बुंध्याला बांधलेल्या ब्रेकवर दोर गुंडाळून हळूहळू उतरवावा लागतो. तो दोर सांभाळणाऱ्या खालच्या माणसाचं डोकं वरच्या इतकंच शांत लागतं. सुरुवातीचं वर्षभर मुलीने हेच काम करावं असं माझं मत आहे.

यंत्राची भीती बाळगाच, आणि मुलीनेही बाळगावी. चेनसॉची, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या करवतीची, दातेरी साखळी सेकंदाला वीस मीटरहून जास्त वेगाने फिरते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर करवत क्षणात तोंडाकडे उसळते. साखळी पायाला लागली तर अडकून थांबावी म्हणून आत लांब तंतूंचे थर असलेली खास पँट, हेल्मेट, तोंडासमोरची जाळी, कानांचं संरक्षण हे सगळं लागतं. झाडावर कापताना दोन ठिकाणी जोडलेलं असावं लागतं, करवत दोन्ही हातांनी धरावी लागते आणि वर अडकलेल्याला उतरवू शकणारा दुसरा प्रशिक्षित माणूस खाली तयार असावा लागतो. एकट्याने चढायचं नाही, याला अपवाद नाही. ब्रिटनमध्येही आधी जमिनीवर करवतीची देखभाल आणि वापर, मग झाडावरची चढाई आणि सुटका, आणि त्यानंतर दोरावरून चेनसॉ अशी वेगवेगळी प्रमाणपत्रं घ्यावी लागतात. मुलगी बघते त्या व्हिडिओंत ही आधीची वर्षं दिसत नाहीत.

मुलीला झेपेल का? झेपेल. दोरावरचं काम तंत्राचं आहे, ताकद पुरवून वापरावी लागते. झाडावर चढण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये महिलांचा स्वतंत्र गट असतो. मला काळजी वाटते ती ठेकेदाराच्या टोळीत ती एकटी मुलगी असेल तर काय, याची. पहिलं काम निवडताना टोळीत कोण आहे, हे तुम्ही स्वतः जाऊन बघा.

आता मार्ग. पदवी पूर्ण करावी. पुढे वनशास्त्राकडे वळायचं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालय आहे. दरम्यान सुट्टीत दोराचं शिक्षण घेता येईल. इमारती आणि पवनचक्क्यांवर दोराने काम करणाऱ्यांसाठी ‘इराटा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रशिक्षणाचा पहिला स्तर भारतातही करता येतो : १८ वर्षं पूर्ण हवीत, किमान चार दिवस प्रशिक्षण आणि मग बाहेरच्या परीक्षकाची परीक्षा. तो झाडांसाठी नाही, पण सुटकेची शिस्त अंगी बाणते. खास झाडांच्या चढाईसाठी तमिळनाडूतल्या ऑरोव्हिलमध्ये वृक्षनिगेचं काम करणारा गट आहे, तिथे चौकशी करा. पुढे ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर’ या वृक्षनिगेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र घेता येतं. त्यासाठी तीन वर्षांचा अनुभव लागतो, संबंधित पदवी असेल तर ही अट कमी होते. पदवी सोडू नका म्हणते त्यामागे हेही कारण आहे.

पैशांचं स्पष्ट सांगते. ठरलेल्या पगाराची शिडी इथे अजून नाही. बहुतेक छाटणी निविदेने जाते आणि स्वस्तात कापणाऱ्याला मिळते. दोर, हार्नेस, हेल्मेट, करवत असा चांगला संच लाखाच्या पुढे सहज जातो, त्यामुळे सुरुवातीला तो घेऊ नका, दुसऱ्याच्या हाताखाली शिकू द्या. काम कुठून येईल? मोठ्या गृहसंकुलांकडून, शाळा-कॉलेजांच्या आवारांतून, जुन्या बंगल्यांतून. कायदाही या ज्ञानाच्या बाजूने आहे. शहरी भागात झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि असं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावणं आलं. त्यामुळे झाड तपासून लेखी अहवाल देणाऱ्या माणसाची गरज वाढणार, असं मला वाटतं. पहिली काही वर्षं तिची कमाई गणनेतून आणि पाहणीतून येईल, दोरावरून कमी. हाताशी दुसरा पर्याय हवा असेल तर वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर एमपीएससीची वनसेवा परीक्षा देता येते.

परदेशी नोकरीचं आमिष दाखवून आगाऊ पैसे मागणारे एजंट आता या क्षेत्राचंही नाव घेतात. त्यांच्याकडे जाऊ नका.

कोणत्याही कोर्सची फी भरण्याआधी मुलीने प्रशिक्षकाला तीन प्रश्न विचारावेत. वर कोणी बेशुद्ध झालं तर खाली कोण आणतं आणि त्याचा सराव शेवटचा कधी झाला? शिकणाऱ्यांचा अपघात विमा आहे का? आणि पहिल्या दिवशी हातात काय देता? तिसऱ्याचं उत्तर ‘चेनसॉ’ असं आलं, तर तिथून उठून या.