जुना ट्रक ठेवावा की नवा घ्यावा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : २०१३ चा दहा टायर ट्रक आहे, साडेसात लाख किलोमीटर झालेत. पूर्वी पिंपळगावचा कांदा दिल्लीला जायचा, हल्ली वाशी आणि सुरत करतो. दिल्लीचं भाडं परत धरायचा विचार आहे. गाडी निळसर धूर मारते, ऑइल पिते, अ‍ॅव्हरेज लिटरला ३.८ किलोमीटरवरून ३.३ वर आलंय. मिस्त्री दोन लाखांचं इंजिनकाम सांगतो. ते करावं की नवी गाडी घ्यावी?
– एक मालक-चालक, निफाड तालुका

उत्तर : इंजिनाचं नंतर बघू. आधी आरसी काढा आणि उत्सर्जन मानकापुढे काय लिहिलंय ते वाचा. त्या साली तुमच्याकडे नोंदलेली गाडी बहुधा बीएस-३ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचं मानक; आकडा जितका मोठा तितकं कडक) निघेल. दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ मालगाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेश बंद आहे. बीएस-४ गाड्यांना मुदत मिळाली, तीही ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. म्हणजे इंजिन कितीही झकास बांधलंत तरी दिल्लीतल्या आझादपूर मंडईचं भाडं या गाडीला मिळणार नाही. दिल्लीच करायची असेल, तर बीएस-६ गाडी लागेल आणि प्रश्न तिथेच संपला.

वाशी-सुरतवर भागत असेल, तर मात्र गाडी काढायची घाई नको. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय एवढंच. ते रिंग-लायनरमधून (पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचं अस्तर) येतं तसं टर्बोच्या (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) सीलमधूनही येतं, आणि दोन्हींच्या खर्चात फार अंतर आहे. इंजिन चांगलं गरम करा, आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढून त्याच तोंडावर उलटं ठेवा. नुसतं थरथरलं तर चालेल. टणाटण उडून खाली पडलं आणि ब्रीदरमधूनही (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) भकाभका वाफ येत असेल, तर रिंगा गेल्या. मिस्त्री बरोबर आहे. झाकण शांत राहिलं, तर टर्बोकडून इंटरकूलरला (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारा पाइप सोडा. आत ऑइलचा हलका हात फिरलेला असणं नेहमीचं, पण पाइपात ऑइल साचलेलं दिसलं तर टर्बोकडे वळा. टर्बो बदलण्याआधी त्याची ऑइल परत नेणारी नळी आणि ब्रीदर चोंदलाय का तेही पाहा. नळी तुंबली की नवा टर्बोही तसंच ऑइल फेकतो.

अ‍ॅव्हरेज पडण्याचं सगळं खापर इंजिनावर फोडू नका. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून गाडी उभी करा आणि प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एखादाच ड्रम भट्टीसारखा तापला असेल, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही आणि डिझेल तिथे जातंय. एअर फिल्टर, नोझल आणि टायरमधली हवाही याच फेरीत तपासून घ्या.

आमच्या मते गाडी ठेवायची की काढायची हे चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, ठरवते. इंजिन, गिअर बॉक्स, क्राऊन-पिनियन (मागच्या आसातले गिअर) पुन्हा बांधता येतात; तडकलेली चासी वेल्डिंग मारून परत पहिल्यासारखी होत नाही. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगचे) ब्रॅकेट, क्रॉस मेंबरचे (चासीच्या आडव्या पट्ट्यांचे) रिव्हेट आणि केबिनच्या मागची जागा तारेच्या ब्रशने स्वच्छ घासा. रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल, तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळसर रेघ उमटते. ब्रॅकेटजवळ एखादी रेघ दिसली तर चांगल्या वर्कशॉपला दाखवा. दोन्ही बाजूंना रेघा दिसल्या, किंवा त्याच जागी आधीच वेल्डिंगचे थर असले, तर इंजिनावर एक रुपया घालू नका.

चासी धड निघाली तर पुढचा हिशेब असा. वर्षाला ६०,००० किलोमीटर धरले, तर ३.८ ऐवजी ३.३ अ‍ॅव्हरेजमुळे सुमारे २,४०० लिटर डिझेल जादा जळतं. ९० रुपये लिटरने ते सव्वादोन लाखांच्या जवळ जातं. म्हणजे इंजिनकामाने अ‍ॅव्हरेज परत आलं, तर दोन लाख वर्षभरात डिझेलमधूनच फिटतात. उलट नव्या गाडीसाठी ३० लाखांचं कर्ज, ५ वर्षं, साडेदहा टक्के धरा : हप्ता साधारण ६४,५०० रुपये, वर्षाला पावणेआठ लाख, वर पूर्ण विमा. महिन्याला २५ दिवस गाडी चालली, तर रोजचे २,५८० रुपये नुसत्या हप्त्याला. कांद्याचा हंगाम सरल्यावर गाडी दारात उभी राहते त्या दिवसांचेसुद्धा.

नव्या गाडीच्या बाजूने एक मुद्दा वजनाचा. २०१८ साली दहा टायरचं गाडी-मालासकट परवानगीचं वजन २५ वरून २८.५ टन झालं. तुमच्या आरसीवर २५ असेल, तर तेवढंच धरा. टनावर भाडं मिळत असेल तर हा फरक मोठा, ठोक भाड्यावर काहीच नाही. शिवाय आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी पासिंग (फिटनेस तपासणी) आणि वर पर्यावरण कर, हेही जुन्याच्या खात्यात मांडा.

प्रश्न : नवीन गाडी घेतोय, पण युरियावाल्या गाड्या फार त्रास देतात असं ड्रायव्हर म्हणतात. खरं आहे का?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : त्रास होतो तो बहुतेक वेळा हाताने ओढवून घेतलेला. १०० लिटर डिझेलमागे साधारण ४ ते ६ लिटर डीईएफ, म्हणजे बीएस-६ गाड्यांचा धूर स्वच्छ करायला फवारतात ते युरियाचं द्रावण, लागतं. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. शेताच्या गोणीतला युरिया कडुनिंबाचं तेल लावलेला असतो आणि बोअरच्या पाण्यात क्षार. ते मिश्रण टाकलं की ते फवारणाऱ्या डोसिंग नोझलवर पांढरे खडे धरतात, आणि ती दुरुस्ती वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट पडते. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) दिवा लागला की रीजनरेशन (ती काजळी जाळून टाकणं) पुरतं होऊ द्या. कारखान्याच्या आवारात तासन् तास इंजिन चालू ठेवून ऊस उतरायची वाट बघणं, हे या गाड्यांना सगळ्यात वाईट : धूर पुरेसा तापत नाही, काजळी साचते आणि शेवटी गाडी जोरच सोडून देते. इंजिन ऑइलही गाडीच्या कंपनीने पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच वापरा; साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये अडकते, ती जळूनही जात नाही.

किमतीबद्दल : २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. त्यामुळे त्याआधीच्या भावाने जुनी बीएस-६ गाडी गळ्यात मारणाऱ्या दलालाशी घासाघीस करायला पुरेपूर जागा आहे.

प्रश्न : २००६ ची गाडी भंगारवाल्याला द्यावी का? तो रोख देतोय.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नको. आरसी रद्द झाली नाही, तर कर आणि चलनं तुमच्याच नावावर चढत राहतात. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रावर द्या, बँकेचा बोजा आधी उतरवा, आणि ठेव प्रमाणपत्र (गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला) हातात घेतल्याशिवाय निघू नका. त्यावर नव्या मालगाडीच्या वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. नवी घ्यायची नसेल, तर ते प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं.